इंटोंबेच्या काठावरची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी झुलू ढाल आहे आणि माझ्या हातून कुणाचेही रक्षण झाले नाही.

आफ्रिकेच्या दक्षिणेला झुलूंचे राज्य होते. राजाच्या खिल्लारातल्या एका काळ्या-पांढऱ्या गाईच्या कातड्याची मी बनले. मधोमध एक लांब काठी ओवून मला दुमिसा नावाच्या तरुणाच्या हाती दिले. तो मला इतके जपायचा की पाऊस आला तर स्वतः भिजायचा.

१८७९ सालच्या मार्चमध्ये इंग्रजांच्या सामानाच्या गाड्या इंटोंबे नदीपाशी अडकल्या होत्या. नदीला पूर आलेला. पहाटेच्या धुक्यात झुलू सैनिक त्यांच्यावर तुटून पडले. ही लढाई फारशी कुणाला माहीत नाही. ती झुलूंनी जिंकली. इंग्रजांची ऐंशीच्या आसपास माणसे तिथे मेली. पण दुमिसा नदी पार करत असताना पलीकडून गोळी आली. मी त्याच्या छातीसमोरच होते. भाला मी अडवला असता. गोळी माझ्यातून आरपार गेली. पुढे चार महिन्यांच्या आत झुलूंचे राज्यही बुडाले.

मेलेल्यांना पुरायला आलेल्या एका शिपायाने मला चिखलातून उचलले आणि विलायतेला नेले. त्याचा नातू इंजिनिअर झाला. १९५३ साली तो कुवेतला आला आणि दस्मानमधल्या बंगल्यात त्याने मला भिंतीवर टांगले.

तिथे रत्नागिरीकडचा मजीद स्वयंपाकी होता. दर जुम्याला तो माझ्यावरची वाळू पुसायचा आणि घरून आणलेले खोबरेल चोळायचा. एकदा त्याने माझ्या भोकात बोट घातले आणि विचारले, "साहेब, ही ज्याच्या हातात होती, त्याचं काय झालं?"

"मेला असेल," साहेब म्हणाला आणि वर्तमानपत्र वाचू लागला.

१९५९ च्या उन्हाळ्यात मजीदच्या बायकोचे, खैरुन्निसाचे पत्र आले. मजीदला वाचता येत नव्हते. बंगल्याचा ड्रायव्हर मुनव्वर त्याच्याच गावचा. त्याने माझ्याखाली उभे राहून ते वाचून दाखवले.

"असमाचा ताप उतरत नाय. डाक्टर मान हलवून जातो. पोरगी रोज विचारते, अब्बाची आगबोट आली काय?"

असमा सहा वर्षांची होती. मजीदने तिला एकदाच पाहिले होते.

तो तसाच साहेबापुढे गेला. "साहेब, पोरगी आजारी हाय. मला जाऊ द्या."

"पुढच्या आठवड्यात चाळीस पाहुणे आहेत, मजीद. दावत झाली की जा."

"तू निघून जा," मुनव्वर त्याला म्हणाला. "मी बंदरावर सोडतो."

"पासपोर्ट साहेबाच्या कपाटात हाय. आगबोटीवर घेईल कोण?"

दावत झाली. साहेबाने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, की त्याच्या आजोबांनी एकट्याने सात झुलू लोळवून मला जिंकले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तोंड असते तर मी सांगितले असते, की त्या लढाईत तुझे आजोबा नव्हतेच. मजीद हातात बिर्याणीचे तबक धरून उभा होता.

तिसऱ्या दिवशी तार आली. साहेबाने स्वतः कपाट उघडून पासपोर्ट पुढे केला. मजीदने तो घेतला नाही.

"आता कोणाला बघायला जाऊ, साहेब?" एवढेच तो बोलला. मग आत जाऊन त्याने साहेबासाठी चहा ठेवला.

१९६१ साली साहेब कायमचा निघाला. सामान बांधताना त्याने मला मजीदच्या हातात दिले. "तुला आवडते ना? घे. आठ वर्षं चांगली नोकरी केलीस."

"साहेब, ही तुमची नव्हती. मी कशी घेऊ?" मजीद म्हणाला. पण साहेब तोवर मोटारीत बसला होता.

मजीदने मला कुवेतच्याच खैतान वस्तीतल्या खोलीत आणले. तिथे सहा माणसे राहत. त्याने मला पुन्हा कधी पुसले नाही. गावाहून पत्र आले की तो ते न उघडताच गादीखाली सारायचा. शेवटी एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. मुनव्वरने त्याला इथल्याच कबरस्तानात पुरले. आता मी त्याच इमारतीच्या जिन्याखाली पडून आहे.

मित्रांनो, माझ्या कातड्याला कीड लागली आहे. त्याचे मला फारसे वाटत नाही. पण उद्या तुमच्या घरी राबणारे कुणी दारात उभे राहून 'मला जाऊ द्या' म्हणाले, तर पाहुणे मोजत बसू नका. त्याला त्याच दिवशी जाऊ द्या.