ठोंब्याच्या नावाची बाटली

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्या, पिंजरे, कापडी पिशव्या, आणि प्रत्येकीतून एक नाराज मिशाळ तोंड बाहेर बघत होतं. मांजरं बिचारी गप्प होती. बोलत होती ती माणसं. “आमची आठवड्यात बरी झाली.” “आठवडा? आमची पाच दिवसांत!” प्रत्येकाच्या हातात आपापल्या मांजराच्या लघवीची छोटी बाटली होती, आणि ती सगळ्यांनी तीर्थासारखी जपून धरली होती.

व्यासपीठावर मार्जारवैद्य उभे होते. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. त्याआधी ते शोभेचे मासे विकत.

“औषध जितकं पातळ, तितकं प्रबळ!” ते गरजले. “ह्या थेंबात मूळ वनस्पतीचा एक कण शोधून दाखवा, मी हे काम सोडून देईन! कण नाही, म्हणूनच तर गुण आहे!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वैद्यांनी एक गढूळ बाटली खिडकीच्या उजेडात धरली. “हा बघा खड्यांचा गाळ!” पाच थेंब टाकले, बाटली हलवली, आणि गाळ बघता बघता नाहीसा झाला. “काचेत विरघळला, तो पोटात विरघळणार नाही?”

शेवटच्या रांगेत मांडीवर टोपली घेऊन मास्तर बसले होते. मास्तरांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या होत्या, पण गल्लीनं त्यांना मास्तर केलं आणि त्यांच्या बायकोला, जी पडदे शिवायची, मास्तरीणबाई. टोपलीत त्यांचा बोका होता. लेक लग्न होऊन गेल्यापासून घरात लाड करून घेणारा तोच, आणि लाडानं इतका सुटला होता की नावच ठोंब्या पडलं.

चार महिन्यांपूर्वी ठोंब्याला लघवीचा त्रास झाला, वैद्यांचे थेंब दिले, आठवड्यात बरा झाला. तेव्हापासून मास्तरीणबाई वैद्यांचा बिनपगारी प्रचार करत होत्या. आता दुखणं उलटलं होतं. सकाळपासून ठोंब्या वीस वेळा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला होता आणि एक थेंब पडला नव्हता.

मास्तरांना मात्र घाम फुटला होता तो दुसऱ्याच कारणानं. बाटली आदल्या दिवशी भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, असा वैद्यांचा नियम होता. मास्तरीणबाईंनी अर्धा दिवस वरणाचा डाव घेऊन बोक्यामागे फिरून ती भरली होती. आणि संध्याकाळी, त्या शेजारी गेल्या असताना, दूध काढताना मास्तरांच्या हातून ती फुटली. हजारो नळ्या सांभाळलेल्या माणसाला बायकोचा राग सांभाळायची हातोटी काही साधली नव्हती. त्यांनी फरशी पुसली, तशीच दुसरी बाटली शोधली, ती घेऊन बाथरूममध्ये गेले, आणि भरून परत फ्रिजमध्ये ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं, ‘ठोंब्या’.

“ठोंब्या!” वैद्यांनी पुकारलं. बाटली उजेडात धरली. “अरेरे, काय हा गाळ! बोका आहे ना? स्वभाव मत्सरी. समोरच्या एखाद्या मांजरीवर जीव जडलाय, आणि घरात मनासारखं होत नाही म्हणून आतल्या आत कुढतोय!”

“अहो, ती पांढरी!” मास्तरीणबाई मास्तरांच्या कानात म्हणाल्या. “कसं ओळखलं बघा!”

मास्तर जमिनीकडे बघत राहिले. वैद्यांनी थेंब टाकले, बाटली लख्ख झाली.

“पण आज सकाळपासून लघवीच झाली नाही हो,” मास्तरीणबाईंनी उठून सांगितलं.

“उत्तम! रोग बाहेर पडण्याआधी आत गोळा होतो. औषध लागू पडतंय. दोन दिवस थांबा. सुईवाल्या डॉक्टरांकडे नेलंत, तर मग माझी जबाबदारी नाही.”

तेवढ्यात टोपलीत ठोंब्या ओकला आणि कण्हला. असा आवाज त्यानं कधी काढला नव्हता. मास्तरांनी हात आत घातला. पोटात चेंडूएवढा टणक गोळा लागला. दोन दिवस! आणि हा सल्ला ज्या बाटलीवरून मिळाला, ती कुणाची हे ह्या हॉलमध्ये फक्त त्यांनाच ठाऊक होतं. लाजेनं त्यांचे कान तापले. पण ते उभे राहिले.

“ती बाटली माझी आहे.”

“हो हो, तुमच्याच बोक्याची.”

“बोक्याची नाही. माझी. स्वतःची.”

सगळ्या माना मागे वळल्या. मग कुणीतरी फिसकन हसलं.

वैद्यही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “म्हणजे तुम्हालाही खडे आहेत!”

“असतील. पण ती समोरची मांजर?”

आता सगळा हॉल हसला. मास्तर तडक व्यासपीठावर गेले, वैद्यांच्या हातातली थेंबांची बाटली घेतली आणि बूच उघडून वास घेतला. चिठ्ठी निघून गेलेल्या बाटल्या ते तीस वर्षं अशाच ओळखत आले होते.

“व्हिनेगर! सॅलडवर टाकतात ते! लघवी रात्रभर गारठली की क्षार बाहेर येतात आणि ती गढूळ होते, चांगल्या धडधाकट प्राण्याचीसुद्धा. आंबट पडलं की ते विरघळतात. फ्रिजचा नियम कशाला, कळलं का?” मग बायकोच्या पर्समधली, बोक्याला घरी द्यायच्या थेंबांची बाटली उघडून त्यांनी जिभेवर थेंब टाकला. “आणि हे नळाचं पाणी.”

वैद्य काही बोलू लागले, पण ते ऐकायला मास्तरीणबाई थांबल्या नाहीत. टोपली उचलून त्या जिन्याकडे निघाल्याही होत्या.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “मार्ग बंद झालाय. बोक्यांमध्ये होतं असं. आत्ताच भूल देऊन नळी घालते. उद्या आणला असतात, तर वाचवणं कठीण होतं.”

“मग मागे बरा कसा झाला?”

“तेव्हा मार्ग बंद नसणार, नुसती सूज असणार. ती बऱ्याच मांजरांची आठवड्याभरात आपोआप उतरते. थेंब कशातून दिलेत?”

“वाटीभर चिकनच्या पाण्यातून. दिवसातून तीनदा.”

“मग पाणी भरपूर गेलं पोटात. झाला असेल तर त्याचा थोडा फायदा झाला.”

बाहेरच्या बाकावर दोघं बसली.

“बाटली फोडलीत, हे काल का नाही सांगितलंत?”

“तू रागावली असतीस.”

“रागावलेच असते! पण बाटलीच नाही म्हटल्यावर त्या हॉलमध्ये दुपार तर केली नसती.” आणि मास्तरीणबाईंना रडू कोसळलं. वैद्य लबाड होता खरा, पण सकाळभर तोंड मिटून बसलेला माणूस वैद्य नव्हता. “चुकलं माझं,” मास्तर म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं.

ठोंब्या वाचला. पुढच्या रविवारी फर्निचरच्या दुकानाच्या जिन्यापाशी मास्तरीणबाई एका स्टुलावर दोन गढूळ बाटल्या आणि किराणा दुकानातलं व्हिनेगर मांडून उभ्या होत्या. मास्तर जरा मागे, लाजत.

“ही माझी, ही ह्यांची,” त्या खणखणीत आवाजात सांगत होत्या. “दोघंही ठणठणीत, डॉक्टरांनी तपासलंय. रात्रभर फ्रिजमध्ये होत्या. आता बघा.” व्हिनेगर पडलं, बाटल्या स्वच्छ झाल्या. “खडेच नाहीत, मग विरघळलं काय?”

एक बाई टोपली छातीशी धरून थबकली. “पण आमचा मागे बरा झाला होता हो वैद्यांच्याच थेंबांनी.”

“आमचाही झाला होता. कशानं झाला, हे मी विचारलं नाही. बरं झालं ना, मग विचारायचं कशाला, असं मीच म्हणाले, आणि ते त्याच्या जिवावर बेतलं. तुम्ही विचारा. मला विचारा, त्यांना विचारा, डॉक्टरांनाही विचारा. जो विचारल्यावर चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आज काय होतंय त्याला?”

“सकाळपासून नुसता बसतोय ट्रेमध्ये. काही होत नाही.”

वर माइकवर कुणीतरी ‘जितकं पातळ’ म्हणायला लागलं होतं. टोपलीवाल्या बाईंनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा टोपलीत.

“दवाखाना लांब आहे का?” त्यांनी विचारलं.

“चला,” मास्तरीणबाई टोपलीचा एक कान धरत म्हणाल्या. “मी येते.”