बेनीचं माहेर

किसाबुरोने बेनीला विकलं तेव्हा ती जेमतेम वीतभर होती. दुधासारखं अंग आणि पाठीवर लालभडक पट्टा. असा कार्प मासा जपानमधल्या निइगाताच्या त्या डोंगरात पुन्हा कुणाच्याच तळ्यात निपजला नाही. जकार्ताच्या एका शौकिनाने तिला नेलं. तो वारला, तेव्हा त्याच्या मुलीने कळवलं, "आम्हाला सांभाळता येत नाही. तुमची तुम्ही घेऊन जा."

"लेक माहेरी येतेय," म्हणत किसाबुरोच्या बायकोने, तोयोकोने, सगळ्यात वरचं तळं घासूनपुसून घेतलं.

पण बंदरावरच सरकारी माणसांनी रोगाच्या तपासणीसाठी बेनीला वेगळ्या टाकीत ठेवलं. सोबत इथलीच काही निरोगी पिल्लं सोडली. ती जगली तरच बेनी घरी येणार होती.

किसाबुरो भेटायला गेला. बेनी आता चांगली हातभर झाली होती. तो वाकताच ती वर आली आणि त्याची बोटं चोखू लागली.

"बाई, बघा की, काय झालंय हिला? मी घरी वेगळ्या टाकीत ठेवतो."

तपासणीवाली मोरिवाकी त्याच्या नातीच्या वयाची. "आजोबा, रोग अंगात असूनही मासा असाच ठणठणीत दिसतो. तुमच्याकडचं पाणी पुढे कुठे जातं?"

ते पाणी उतरत उतरत साऱ्या गावाच्या तळ्यांतून जायचं आणि शेवटी सगळ्यात खालच्या, गोनपाचीच्या तळ्यात पडायचं. मागच्या साथीत गोनपाचीने आपले सगळे मासे स्वतःच्या हाताने खड्ड्यात पुरले होते.

निकालाच्या दिवशी तो मोठ्या आशेने गाडीत टब टाकून गेला. मोरिवाकी दारातच उभी होती. पिल्लांचे कल्ले सडले होते. निम्मी मेली होती. बेनीलाही आता मारावं लागणार होतं.

"मी धरतो तिला," तो एवढंच म्हणाला.

गुंगीचं औषध पाण्यात पडलं. बेनी त्याच्या तळव्यांवर हळूहळू आडवी झाली. तिने आपल्याला ओळखलं होतं की नुसतं खाणं मागितलं होतं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. देह मागितला, तर मोरिवाकीने खाली बघत नाही म्हणून मान हलवली. "जाळावा लागतो, आजोबा."

गावाच्या वळणावर गोनपाची वाट बघत उभा होता. किसाबुरोचा चेहरा बघून त्याला सगळं समजलं. तरी त्याने विचारलं ते वेगळंच.

"टब धुतलास?"

"तिथंच धुतला. औषध घालून."

"माझ्यासमोर परत धू."

"अरे, पोरगी गेली माझी, आणि तू..."

"तुझी एक गेली. माझ्या सगळ्या गेल्या होत्या, किसा."

किसाबुरोने टब उतरवला. गोनपाचीने घरून औषधाचा डबा आणला. तळ्यांपासून लांब, रस्त्याकडेच्या खडीवर दोघं म्हातारे उकिडवे बसून टब घासत राहिले.

वर तोयोकोने तळ्यात ताजं पाणी सोडलं होतं. पाट बंद करायचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.