दोन शेक, एक नाव

मी शेकाची पिशवी बोलतेय. लाल रबराची, अंगावर उभ्या रेघा असलेली, गळ्याशी फिरकीचं झाकण. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, पाठ दुखेपर्यंत कपाटामागे विसरलेली. माणसं आम्हांला दुखण्यापुरतीच ओळखतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझं दुखणं वेगळं आहे आणि आज मी ते बोलून टाकणार आहे.

रोह्याच्या औषधाच्या दुकानातून सखानं मला आणलं. तो वरसे गावचा, भात निघालं की त्याच वावरात वाल टाकणारा. लावणीत त्याच्या बायकोची, गिरजाबाईची, कंबर धरली होती. तिनं मला कमरेखाली घेतलं आणि डोळे मिटून म्हणाली, "बरं वाटतंय गो बाय." हे ती मलाच म्हणाली. तेव्हापासून मी त्या घरातली झाले. शेजारची शकू मला हक्कानं मागून न्यायची आणि परत द्यायला सोयीस्करपणे विसरायची.

पुढे गिरजाबाईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. त्यानंतर तिला तिथे शेक दिला.

ती घरी आल्यावर मी हे ऐकलं आणि खिळ्यावर टांगल्या टांगल्या फुगले. शेक म्हणजे आमचंच काम की! सखा येईल त्याला सांगायचा, "मोठ्या मशिनीतून शेक दिला. रोग पार जाळून टाकला." गिरजाबाईची कातडी तिथे काळवंडली होती, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मुंबईहून निघताना तिला सांगितलं होतं, "हा डावा हात जपा." कशापासून जपायचा, ते कुणी सांगितलं नाही.

वर्षभरानं, वालाच्या शेंगा काढताना, तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या रुतू लागल्या. साबण लावूनही निघेनात. शेवटी त्या फोडाव्या लागल्या. हात मनगटापासून दंडापर्यंत भरला होता, बोटानं दाबलं की खळगा पडायचा. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "येते अशी सूज. सवय करा."

शकू दारातूनच म्हणाली, "परत आलं वाटतं गो." त्या दिवसापासून ती मला मागायला आली नाही. गिरजाबाईजवळ बसायलाही आली नाही. आम्हां दोघींना एकदमच टाकलं तिनं.

सखा मात्र घाबरला नाही. "परत आलं तर परत शेकू. मागं शेकानंच गेलं ना?" असं म्हणून त्यानं पाणी तापवलं.

रोज तिन्हीसांजेला तो मला भरायचा आणि तिच्या दंडाला आतून लावून बसायचा. इतक्या मायेनं मला कधी कुणी धरलं नव्हतं. ऑपरेशनपासून तिथली कातडी बधिर होती, हे आम्हां तिघांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं. तो विचारायचा, "लागतंय का गरम?"

"नाय लागत. अजून घाल."

तो अजून कढत पाणी घालायचा. हात उतरायच्या ऐवजी चढत गेला. मग दंडावर फोड आले, हात लालबुंद झाला आणि गिरजाबाई तापानं फणफणली. इस्पितळात ताप उतरवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पेणला रामवाडीत सुजेच्या हातावर थेरपी करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना दाखवा.

सखानं मलाही एसटीत घेतलं. शेक कसा देतो ते दाखवायला.

रामवाडीच्या बाईंनी हात पाहिला आणि विचारलं, "गरम काही लावलंत?"

सखानं मला पुढे केलं. "शेक दिला. मुंबईवाल्यांनीच दिलेला, तोच."

बाईंनी मला बाजूला ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तो शेक म्हणजे मशिनीतले किरण असतात, दादा. हा नाही. काखेतल्या गाठी काढल्या की अशी सूज येते; या हाताला उष्णता चालत नाही, सूज वाढते."

गिरजाबाई माझ्याकडे बघत होती. "मंग दोघांला एकच नाव कशाला ठेवलंत?"

बाईंनी हलक्या हातानं सूज वर सरकवली, थरावर थर पट्ट्या बांधल्या आणि खरं ते सांगितलं: हात आटोक्यात राहील, पहिल्यासारखा होणार नाही. बांगड्या रुतल्या तेव्हाच आली असतीस तर सोपं गेलं असतं.

"मला कोन सांगनार होतं?" गिरजाबाई म्हणाली. परतीच्या एसटीत ती सखाकडे पाठ करून खिडकीशी बसली. मला तिनं सीटखाली ठेवलं होतं.

मला विचाराल तर मी दगाबाज नाही. ज्यांनी शेक हा शब्द दिला आणि त्याचा अर्थ स्वतःजवळ ठेवला, त्यांनी दगा दिला. तिला दिला, सखाला दिला आणि मलाही दिला. माझ्यात ओतलं ते पाणी आणि माझ्यावर आलं ते बालंट, दोन्ही दुसऱ्यांचं.

आता सखा तिला पट्ट्या बांधायला शिकलाय. ती बांधून घेते, पण त्याच्या तोंडाकडे बघत नाही. मी पडवीत खिळ्याला होते. परवा सखाची पाठ धरली. तो माझ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. शेवटी गिरजाबाईनंच मला काढलं, भरलं, उजव्या हातावर धरून पाहिलं आणि त्याच्या पाठीला लावलं.

"लागतंय का गरम?" तिनं विचारलं.

सखाच्या तोंडून सवयीनं तिचंच रोजचं उत्तर निघालं, "नाय लागत. अजून घाल."

तिचा हात थांबला. मला उचलून ती अंगणात गेली आणि सगळं पाणी मातीत ओतून दिलं. आत सखा पालथा पडून रडत होता. "लागत व्हतं गो," तो म्हणत होता, "मला लागत व्हतं. तुलाच लागत नव्हतं."

मी दारातल्या वळणीच्या दोरीवर उलटी टांगलेली आहे, झाकण उघडं. घरात कुणाला मुंबईचा शेक झाला असेल, तर मला हात लावण्याआधी एवढंच विचारा: कोणता शेक?