नरक चतुर्दशीची हरणं

मंजिरीनं क्लेगकाकांना दगडी भिंतीच्या आडोशाला बसवलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली. त्यांनी ती लगेच बाजूला सारली.

“मला दिसत नाही, मंजिरी. थंडी वाजत नाही.”

दोन्ही गोष्टी अर्धवटच खऱ्या होत्या. नजरेच्या मधोमध डाग पडला होता खरा, पण कडेकडेनं त्यांना अजून धूसर काहीबाही दिसायचं. आणि थंडीनं त्यांचं नाक गाजरासारखं झालं होतं.

मँचेस्टरहून हरणांचं हे लाइम पार्क काही लांब नाही, पण यंदा म्हाताऱ्याला घराबाहेर काढता काढता तिच्या नाकी नऊ आले होते. काका तिचे शेजारी, रेल्वेतले निवृत्त गार्ड. तिचा नवरा अतुल गेला त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनीच तिचं दार वाजवलं होतं. “हरणं माजावर आलीत, बघायला चल,” एवढंच म्हणाले होते. तेव्हापासून दर वर्षी दोघं यायची. गाडी काका चालवायचे. यंदा चालवली तिनं. नजर गेल्यापासून काकांनी आपली खुर्ची खिडकीपासून हलवून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. त्या खुर्चीची तिला धास्ती वाटत होती. आज त्यांना एक तरी नर दिसावा, बाकी काही नको, असं ती वाटभर मनाशी म्हणत आली होती.

खाली वाळक्या नेच्यांत तांबड्या माद्या चरत होत्या. पलीकडून नराची डरकाळी आली, खोल आणि घोगरी. काकांची मान आपोआप वर झाली. मंजिरीला हायसं वाटलं.

“डावीकडे बघा, ओढ्याच्या वर. शिंगांना गवत अडकलंय त्याच्या.”

तेवढ्यात वारा फिरला. एका मादीनं नाक वर केलं, आणि बघता बघता सगळा कळप टेकडीआड पसार झाला.

“आपण तर हललोसुद्धा नाही,” मंजिरी म्हणाली. मग तिनं आपला हात नाकाशी नेला आणि कपाळावर मारून घेतला. उटणं! दर वर्षी दिवाळी हरणांनंतर यायची, यंदा दोन्ही एकाच दिवशी आली होती. पहाटे तिनं तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान केलं होतं. एवढ्यावर थांबली असती तर ती मंजिरी कसली? काल तिनं काकांनाही एक पुडी नेऊन दिली होती, आणि आज पहाटे जो आंघोळ करत नाही तो नरकात जातो, हेही बजावलं होतं.

“तुम्ही किती लावलंत?”

“सगळंच. या वयात जोखीम कोण घेणार?”

तिला हसू आलं आणि लगोलग रडूही. इतकी वर्षं हरणांना वास लागू नये म्हणून काकांनी इथं येताना तिला साबणसुद्धा लावू दिला नव्हता.

मग जमीन दणाणली. पळालेल्या माद्यांना वळवायला नर चढावरून धावत आला आणि भिंतीला अगदी खेटून गेला. चिखलानं काळं झालेलं अंग, तोंडातून निघणारी वाफ, उग्र दर्प. मंजिरीनं काकांची बाही घट्ट धरली. तो गेला तरी तिला सोडवेना.

“दिसला?”

काकांनी नर गेला त्या दिशेला कान वळवला.

“नाही.”

“माझ्यामुळे सगळा विचका झाला.”

“पहिल्या वर्षी तुला तरी काय दिसलं होतं?”

“सगळं! फार सुंदर आहे, असं म्हणाले होते मी तुम्हाला.”

“दुर्बिणीची झाकणं तू काढलीच नव्हतीस, मंजिरी. तशीच डोळ्यांना लावून बसली होतीस. खाली गालांवरून पाणी वाहत होतं.”



“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू घराबाहेर आली होतीस. हरणं काय, पुढच्या वर्षीही असतात.”

काका भिंतीचा आधार घेत उठले आणि त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला.

“तो वरच्या टेकडीकडे गेलाय. खुरांचा आवाज ऐकलास ना? चल. नाहीतरी आपला वास सगळीकडे पोचलाय.”

या माणसानं तिला पुन्हा उभं केलं होतं, आणि त्याचा उच्चारही कधी केला नव्हता. तिनं वाकून त्यांच्या चिखलानं भरलेल्या बुटांना हात लावला आणि तो कपाळाशी नेला.

काकांना कडेकडेनं तेवढी हालचाल जाणवली.

“काही पडलं का गं?”

“नाही,” ती म्हणाली, “दिवाळी आहे आज.”