कागदावर कापलेली बंदूक

हिंमतरावांची बंदूक मोटारसायकलवर मावत नाही, हे दुःख ब्राह्मणपुरीत सगळ्यांना पाठ झालं होतं. बंदूक ठासणीची, वडिलांच्या हयातीतली, रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर मिळालेली. आडवी बांधली तर समोरच्याला रस्ता उरत नव्हता, उभी बांधली तर नळी मागे बसलेल्या मीनाबाईंच्या कानाशी यायची. त्या दिवशी केळीच्या बागेतून येताना नळी विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला अडकली आणि नवरा-बायको दोघंही रस्त्याकडेच्या चारीत पडले.

"एक तं ती बंदूक ठेवा, नही तं माले ठेवा," मीनाबाई पदराचा चिखल झटकत म्हणाल्या.

हिंमतरावांनी दोन्ही बाजूंचा विचार केला. "वीतभर नळी कापी टाकस," ते म्हणाले.

मनात आलेली गोष्ट पोटात ठेवायची सवय या माणसाला नव्हती. दूध डेअरीवर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, पारावर तर हातानं माप दाखवून सांगितलं. मग बंदूक गोणपाटात गुंडाळून शहाद्याला इद्रिसच्या लेथवर गेले. वीस वर्षं त्यांचं सगळं लोखंडकाम इद्रिसकडेच होतं. इद्रिसनं गोणपाट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा झाकलं.

"हिंमतभाऊ, हाई काम मी करनार नही."

"काबरं? लोखंडच शे ना?"

"लोखंड शे, पन परवानानं शे. नळी कापाले येगळी परवानगी लागस. ती नही तं कापनारा बी जेलमा, कापाले देनारा बी जेलमा. आनी फार आखूड नळीले तं कोनी परवानगी देस नही."

"अरे, वीतभरना मामला शे!"

"सरकारले वीत समजस नही. ते इंचमा मोजस."

हिंमतराव भडकले. चार गिऱ्हाइकांदेखत त्यांनी इद्रिसला भित्रा म्हटलं, वीस वर्षांत आपण याला उगाच कारागीर समजत होतो असंही म्हटलं, आणि अख्खी बंदूक घेऊन परत आले. पुढचे सहा महिने ते त्या गल्लीतून गेले नाहीत.

मग निवडणूक आली. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. हिंमतराव रांगेत उभे राहिले. हवालदार नवीन होता आणि कामाला चोख होता. त्यानं टेप लावला, परवाना पाहिला, पुन्हा टेप लावला.

"परवान्यावर नळी चव्वेचाळीस इंच. इथं भरतेय चाळीस. कापली?"

"नही साहेब! हात बी लावेल नही."

मागे गावचे चुनीलाल आपली बंदूक घेऊन उभे होते. शेजारधर्म म्हणून ते पुढे सरकले. "कापाले गयथा साहेब, अख्खा गावले माहीत शे. पन कापी नही."

हवालदारानं पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि दुसऱ्याला पुरावा मागितला.

हिंमतराव मनात हिशेब करू लागले. वडिलांचा परवाना जाणार, वर गुन्हा दाखल होणार, आणि तोही न केलेल्या कामाचा. नळी कापलेली नाही हे लोखंड बघून सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता, आणि त्याला आपण काय काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. कापायला कुणाकडे गेला होता ते विचारून हवालदारानं इद्रिसला फोन लावला. तो येणार नाही याची हिंमतरावांना खात्री होती.

इद्रिस अर्ध्या तासात आला. हिंमतरावांकडे न बघता त्यानं बंदूक उजेडात धरली.

"साहेब, नळीच्या तोंडावर ही माशी बघा, नेम धरायची. चार इंच कापले असते तर ही पण गेली असती. ती जोडलेली डाक जुनीच आहे, गंज बघा खालचा."

"मग चार इंच गेले कुठे?"

इद्रिसनं नळीखालचा दारू ठासायचा गज ओढून काढला आणि टेबलावर ठेवला. "हा मोजा."

गज बरोबर चव्वेचाळीस इंच भरला.

"परवाना केला त्या वेळी ज्यानं मोजलं, त्यानं गज मोजला," इद्रिस म्हणाला. "बंदुकीला हात लावायला भ्याला असेल."

हवालदारानं तसा अहवाल लिहिला. बाहेर आल्यावर हिंमतराव म्हणाले, "इद्रिसभाई, तू उना म्हनीसन वाचनू."

"मी खरं सांगाले उनू. तुम्हनासाठे नही," इद्रिस म्हणाला आणि निघून गेला. ते बोलणं हिंमतरावांना फार लागलं.

महिन्याभरानं परवाना दुरुस्त होऊन आला. नळीची लांबी चाळीस इंच, खाली शिक्का. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला, की हिंमतरावांनी इद्रिसकडून नळी कापून घेतली आणि वर सरकारकडून मंजूरही करून घेतली. बाजाराच्या दिवशी लेथसमोर गोणपाटात गुंडाळलेल्या तीन बंदुका आल्या. इद्रिसनं निरोप धाडला, आता येऊन यांना तुम्हीच सांगा.

पुढच्या बाजाराला हिंमतराव सकाळपासून लेथच्या दारात बाकड्यावर बसले. पहिले आले चुनीलाल.

"नळी कापता येस नही, चुनीलाल. गुन्हा शे."

"तुमनी तं व्हयनी!"

"ती कागदवर व्हयनी."

"मंग मन्ही बी कागदवरच करी द्या."

हिंमतरावांनी गज, माशी, टेप सगळं पहिल्यापासून सांगितलं. चुनीलालांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे ही युक्ती तुम्ही आपल्यापुरतीच ठेवणार, असं म्हणाले आणि रागानं निघून गेले. संध्याकाळपर्यंत आणखी चौघं आले आणि चौघंही तसेच रुसून गेले. दिवसभर इद्रिसचं यंत्र चालूच होतं. यंत्र बंद करून त्यानं हात पुसले आणि दाराची फळी ओढताना हिंमतरावांकडे पाहिलं.

"पुढना बाजारले बी या," तो म्हणाला.

"येस," हिंमतराव म्हणाले.