दवाखान्यातली बहीण

एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करायच्या तर घरचं एक माणूस घेऊन या, असं सरकारी दवाखान्यात सांगतात. माझं कुणी उरलं नव्हतं. बाकावर शेजारी बसलेल्या रमाकांतनी घरी सांगितलंच नव्हतं. मग ते माझे भाऊ झाले आणि मी त्यांची बहीण. गोळ्यांचं समजावून सांगणाऱ्या गुजराती बेननी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, ‘सारू’, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पुढचं सांगायला लागल्या.

त्याला वर्षं झाली. गोळ्या जन्माच्या आहेत. या खेपेला रमाकांत त्या न्यायला आलेच नाहीत.

“तुमच्या भावाचा फोन लागत नाही,” बेन म्हणाल्या. “औषध मध्येच सोडलं तर पुढे लागू पडत नाही. जरा जाऊन या ने.”

म्हणजे मीच! अंगात कणकण, आणि आता त्यांचं कारेलीबागेतलं घर गाठा. रिक्षात बसून मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दार त्यांच्या बायकोनं, विमलानं उघडलं. “आपण कोण?”

“मी त्यांची बहीण,” सवयीनं तोंडातून निघून गेलं. आपल्या नवऱ्याला बहीण नाही, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? आतल्या पलंगावर रमाकांत उठून बसले, पांढरेफटक.

विमलानं मला नीट न्याहाळलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि नणंदेला म्हणावं तसं म्हणाली, “बसा, वन्सं.”

मग अगदी हळू आवाजात, “गोळ्या सोडल्यात त्यांनी. मला काही माहीतच नाही असं समजतात, म्हणून मला ओरडताही येत नाही. तुम्ही ओरडा.”