बुटाला यकृत असतं?

"आलं! आलं! विष आलं!"

घमेल्यातलं पाणी पिवळं पडलं तसा सगळ्या बायकांनी श्वास रोखला. मग पिवळ्याचं तपकिरी झालं, वर फेस धरला, तळाशी काळपट गाळ बसला. घमेल्यात पाय सोडून बसलेली माझी ताई ते बघून अशी हरखली, की बघवत नव्हतं.

"हा पिवळा रंग यकृतातला," विष उतरवणारा बाबा फेस ढवळत म्हणाला. "काळा गाळ सांध्यांतला. आणि ही हिरवट साय दिसते ना, ती काळजीची. तू फार काळजी करतेस, बाळ."

दिवसभर कीटकनाशकाच्या वाफेत राबणाऱ्या बाईला काळजी असते, हे ओळखायला केवढी ती दिव्यदृष्टी!

टोमॅटोच्या पॉलीहाउसमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकने झाकलेल्या मोठ्या मांडवात, ताई फवारणी करायची. मी बाहेरच्या शेडमध्ये माल निवडायचे. आम्ही राहायचो ती खोली मालकाची, भोवतीच्या कुंपणाचं फाटक मालकाचं आणि फाटकाची किल्लीही त्याच्याच माणसाकडे. पूर्वी फवारणी झाली की दोन दिवस पॉलीहाउस बंद असायचं. मग मालकाने हा घमेलेबाबा आणला. फवारून बाहेर यायचं, मिठाच्या पाण्यात पाय सोडायचे, बाबाने बॅटरीची तार जोडलेलं यंत्र पाण्यात ठेवायचं, की अंगातलं सगळं विष खाली उतरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पुन्हा आत, तोडणीला. मालकाचे दोन दिवस वाचले.

वर बाबाचा एक नियम होता. साबण बंद. "साबणाने रंध्रं बुजतात, विष आत कोंडतं!"

परागीभवनासाठी आत मधमाश्यांच्या पेट्या होत्या. आता त्या फवारणीआधी कोणी बाहेर काढत नव्हतं. सकाळी वाफ्यांत मेलेल्या माश्यांचा सडा पडायचा. त्यांना पाय सोडायला बहुधा घमेलं मिळालं नसावं. पंप धुतलेलं पाणी जायचं त्या ओढ्यात बेडकांचा आवाजही थांबला होता.

"ताई, निदान कपडे तरी बदल," मी म्हणायचे.

"तू फार शहाणी झालीस. स्वतःच्या डोळ्यांनी बघते ना मी, किती घाण निघते ते!"

एकदा मी फारच पिच्छा पुरवला, तेव्हा ती चिडली. "समजा, नाही निघत विष. मग मी काय करू ते सांग. खोली सोडू? छकुलीला घेऊन कुठे जाऊ?"

तिला त्या घमेल्यावर विश्वास ठेवणं भागच होतं, हे मला तेव्हा कळलं.

छकुली म्हणजे तिची लेक, नुकती चालायला लागलेली. एका संध्याकाळी ताई फवारून आली, घमेल्यात पाय बुडवून झाले, आणि त्याच कपड्यांनी तिने लेकीला उचललं. पोरीने नेहमीसारखं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. थोड्या वेळाने ती लाळ गाळायला लागली. मग घाम, उलट्या, आणि श्वास घेताना छातीत घरघर.

आम्ही फाटकाकडे धावलो. "मालकांना विचारल्याशिवाय उघडता येत नाही," राखणदार म्हणाला. मालक फोन उचलेना. मी फाटक हलवून हलवून ओरडले, तेव्हा कुठे राखणदाराने किल्ली काढली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छकुलीच्या डोळ्यांवर उजेड टाकला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "हिचे कपडे काढा. आईचेही बदला. साबण आणा, लवकर!"

"साबण नको," ताई रडत म्हणाली. "गुण जाईल."

बाईंनी आधी पोरीला धुतलं, मग इंजेक्शनं दिली. छकुलीचा श्वास सुरळीत झाल्यावर त्यांनी सगळं विचारून घेतलं. ताईचंही रक्त तपासलं. तिच्या अंगातही विष मुरलं होतं.

"पण माझं तर रोज निघतं," ताई म्हणाली. "मी बघते ना!"

"मग मलाही बघायचंय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी छकुलीला नर्सच्या हवाली करून ताई आणि मी त्यांच्याबरोबर पॉलीहाउसकडे निघालो. बाबाने मोठ्या अगत्याने घमेलं पुढे सरकवलं. "या डॉक्टरबाई, सोडा पाय!"

"मी पॉलीहाउसमध्ये कधी गेलेच नाही. मग माझं पाणी स्वच्छ राहील ना?"

"भाजी तर खाता! हवा तर घेता!" बायका हसल्या. बाबा कशातच सापडत नव्हता.

बाईंनी मालकाकडे गमबूट मागितले. ते होते, तपासणीला कोणी आलं की कपाटातून काढायचे म्हणून ठेवलेले. अजून वेष्टनातच होते. बाईंनी एक जोड फोडला, वजनाला आत खडी भरली आणि ते बूट घमेल्यात उभे केले.

"अहो, निर्जीव वस्तूला कसं..." बाबा पुढे आला. बाईंनी तोवर त्याचंच मीठ टाकून यंत्र सुरू केलं होतं.

पाणी पिवळं पडलं. मग तपकिरी. वर फेस आला, तळाशी गाळ बसला.

मागून आवाज आला, "अगं बाई, बुटाला यकृत असतं?"

"आणि काळजीसुद्धा! ती बघा हिरवी साय," मी म्हणाले, तशा सगळ्या खदखदून हसल्या.

बाईंनी यंत्र उचलून उघडलं. आतल्या लोखंडी पट्ट्या कुरतडल्यासारख्या झिजल्या होत्या. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं, गंजतं. हा रंग त्या गंजाचा. पाय असोत, बूट असोत, नाहीतर काहीच नसो."

हसणं थांबलं. ताईने हळूच विचारलं, "मग माझ्या अंगातलं विष?"

"ते होतं तिथेच राहिलं. कातडीवर, कपड्यांवर, श्वासातून आत. विष किती जहाल आणि ते तुमच्यापर्यंत किती पोचतं, यावर धोका ठरतो. म्हणून कीड मोजून, लागेल तेवढंच फवारायचं. त्यातलंही सौम्य निवडायचं. हातमोजे, मुखपट्टी, बूट घालायचे. डब्यावर लिहिलंय तितका वेळ दार बंद. आणि बाहेर आल्यावर साबण."

"झालं व्याख्यान?" मालक म्हणाला. "काल फवारलंय, आज तोडणी आहे. दार बंद ठेवलं तर माल पिकून फुटेल. ज्यांना जमत नसेल त्यांनी खोल्या रिकाम्या करा."

बाबा गडबडीत तारा गुंडाळत होता. तो जाईलही, पण कुंपण होतं तिथेच राहणार होतं. मला भयंकर राग आला. बायका खाली बघत एकेक करून तोडणीसाठी दाराकडे सरकायला लागल्या.

ताई उठली. तिने बूट बाजूला काढले, घमेल्यातलं पाणी ओतून दिलं, घमेलं पॉलीहाउसच्या दारात पालथं घातलं आणि त्यावर बसली.

"खोलीचं बघीन मी काय ते. पण आत जाणार नाही, कोणाला जाऊही देणार नाही."

थोड्या वेळाने दुसरी तिच्याशेजारी बसली. मग बाकीच्या. मालकाने प्लॅस्टिकमधून लाल टोमॅटोंकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि तो फोन करायला निघून गेला. उद्या खोली राहते की जाते, मला माहीत नाही. वाचणाऱ्यांना मी एवढंच सांगते: कोणी चमत्कार दाखवला, तर एकदा पाय बाहेर काढून तेच यंत्र चालवून बघा. आणि त्या चमत्कारामुळे कोणाचे दोन दिवस वाचतात, हेही विचारा.

संध्याकाळी दवाखान्यात छकुलीने हात पसरले. ताई आधी नळाशी गेली, कोपरापर्यंत साबण लावून कितीतरी वेळ हात धूत राहिली. मी पाण्याकडे बघत होते. त्याला ना रंग आला, ना तळाशी गाळ बसला. मग ताईने हात पुसले आणि लेकीला उचललं.